घोड्यांच्या डॉक्टरांची लस

घोडा किंवा तट्टू विशी ओलांडतो. शर्यती संपतात, फेऱ्या थांबतात, पाठीवर खोगीर चढत नाही. मग मालकापुढे प्रश्न येतो. आयुष्यभर याला वेळेवर लसी दिल्या. आता तो आवाराबाहेरही जात नाही, दुसऱ्या घोड्यांशी त्याचा संबंध येत नाही. तरीही दर वर्षी डॉक्टर बोलावून सुई टोचायची का? खर्च तर आहेच, शिवाय थकलेल्या जिवाला त्रास कशाला, असेही वाटते.

सगळ्या लसींसाठी या प्रश्नाचे उत्तर एक नाही. धनुर्वाताच्या लसीपुरते मात्र ते बरेच स्पष्ट आहे. ही लस ज्यांच्या कामातून आली ते गास्तों रामों पशुवैद्य होते. घटसर्प आणि धनुर्वातावर आज जगभरातल्या बाळांना जी लस मिळते, तिची मूळ कल्पना त्यांची. पण तिची सुरुवात माणसांच्या दवाखान्यात झाली नाही, घोड्यांच्या पागेत झाली.

रामों यांचा जन्म 30 सप्टेंबर 1886 रोजी फ्रान्सच्या योन भागातल्या बेलशोम या लहानशा गावात झाला. पॅरिसजवळच्या आल्फोरच्या पशुवैद्यक विद्यालयात शिक्षण पूर्ण करून ते 1911 मध्ये पाश्चर संस्थेत दाखल झाले. संस्थेचे प्रमुख तेव्हा एमिल रू होते. रू यांनी या तरुण पशुवैद्याला पॅरिसबाहेरच्या गार्श येथील शाखेत पाठवले. तिथे संस्थेच्या मोठ्या पागा होत्या आणि त्यातल्या घोड्यांच्या रक्तापासून औषध तयार होत असे.

हे औषध म्हणजे प्रतिविष. घटसर्पाचे आणि धनुर्वाताचे जंतू शरीरात एक जहाल विष सोडतात आणि रोगी दगावतो तो त्या विषाने, हे 1890 पर्यंत कळले होते. त्याच वर्षी एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखवून दिले की प्राण्याला हे विष थोडे थोडे टोचत गेले तर त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारे द्रव्य तयार होते. घोडा आकाराने मोठा, त्याच्या अंगात रक्त भरपूर, शिवाय तो माणसाळलेला. त्यामुळे या कामासाठी सर्वत्र घोडेच वापरले जाऊ लागले. रू यांनी 1894 मध्ये घोड्याच्या रक्तद्रवाने घटसर्पाच्या मुलांवर केलेल्या उपचारांचे निष्कर्ष मांडले आणि युरोपभर पागा उभ्या राहिल्या.

या पद्धतीत दोन मोठ्या अडचणी होत्या. पहिली घोड्याच्या बाजूने. खरे विष टोचायचे म्हणजे मात्रा जरा चुकली तरी जनावर जायचे. दुसरी अडचण काय होती, ते 1901 मध्ये अमेरिकेत सेंट लुइस शहरात दिसले. तिथे जिम नावाचा एक घोडा पूर्वी दुधाची गाडी ओढायचा. त्या कामातून काढल्यावर त्याला घटसर्पाचे प्रतिविष देण्यासाठी ठेवले होते. जिमला धनुर्वात झाला आणि त्याला मारावे लागले. पण त्याआधी काढलेले दूषित रक्तद्रव मुलांना टोचले गेले होते. त्यातून 13 मुले धनुर्वाताने दगावली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत लसी आणि रक्तद्रवांच्या उत्पादनावर देखरेख ठेवणारा कायदा झाला. पागेतल्या एका उतारवयाच्या घोड्याला धनुर्वातापासून वाचवण्याचा कायमचा उपाय तेव्हा कोणाकडेच नव्हता.

रामों गार्शला रुळत होते तेवढ्यात 1914 चे महायुद्ध पेटले. उत्तर फ्रान्स आणि बेल्जियमच्या शेतांत पिढ्यान् पिढ्या घोड्यांची लीद खत म्हणून पडत आली होती. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या आतड्यात राहतात आणि लिदीतून मातीत उतरतात. तिथे त्यांचे बीजाणू वर्षानुवर्षे टिकतात. त्याच मातीत खंदक खणले गेले. पहिल्या काही महिन्यांत जखमी सैनिकांत धनुर्वाताचे प्रमाण भयंकर होते. प्रत्येक जखमीला घोड्याचे प्रतिविष द्यायला सुरुवात झाल्यावर ते झपाट्याने उतरले. त्यामुळे रक्तद्रवाची मागणी प्रचंड वाढली आणि ते खराब न होता आघाडीपर्यंत कसे पोहोचवायचे हा प्रश्न उभा राहिला. फॉर्मालिनची थोडी मात्रा घातली की जंतू वाढत नाहीत, हे रामों यांना ठाऊक होते. त्यांनी तोच उपाय रक्तद्रवासाठी वापरला आणि तो उपयोगी पडला. हे फॉर्मालिन पुढे त्यांच्या सर्वांत मोठ्या शोधाचे साधन ठरले. युद्धकाळातच, 1917 मध्ये, रू यांच्या नात्यातल्या मार्थ मोमों यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

युद्ध संपल्यावर रामों एका किचकट कामाला लागले. पागेतल्या कोणत्या घोड्याचे रक्तद्रव किती जोरकस आहे, हे मोजायला तोवर गिनीपिग वापरावे लागत. 1922 मध्ये त्यांनी काचनळीत करता येईल अशी पद्धत शोधली. विष आणि प्रतिविष योग्य प्रमाणात एकत्र आले की नळीत गढूळ साका दिसू लागतो, आणि त्यावरून ताकद मोजता येते. या प्रयोगांत नासू नये म्हणून विषात फॉर्मालिन घातलेले असे. असे विष काही काळाने प्राण्याला टोचले तर इजा करत नाही, पण नळीत प्रतिविषाशी पूर्वीसारखेच जुळते, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे विषाचा डंख गेला होता, ओळख मात्र कायम होती.

रामों यांनी याची नेमकी रीत बसवली. फॉर्मालिनची अगदी कमी मात्रा, सुमारे 38 ते 40 अंश सेल्सियस तापमान आणि साधारण एक महिन्याचा अवधी. एवढे केले की जहाल विष निरुपद्रवी होते आणि पुन्हा विषारी बनत नाही. डिसेंबर 1923 मध्ये त्यांनी हे काम फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडले आणि त्या पदार्थाला अॅनाटॉक्सिन असे नाव दिले. आज त्याला टॉक्सॉइड म्हणतात. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी आणि त्यांचे सहकारीही याच सुमारास अशाच निष्कर्षाकडे पोहोचत होते. पण लस म्हणून याचा पद्धतशीर वापर उभा करण्यात रामों यांचा वाटा मोठा आहे.

पागेतल्या घोड्यांना याचा पहिला फायदा झाला. आता त्यांना खऱ्या विषाऐवजी आधी टॉक्सॉइड टोचून तयार करता येऊ लागले. घोड्यांनीही रामों यांना आणखी एक गोष्ट शिकवली. सुई टोचलेल्या जागी ज्या घोड्यांना गळू व्हायचे, त्यांच्या रक्तात प्रतिविष जास्त सापडे. दुसऱ्या कोणी या गळवांकडे त्रास म्हणूनच पाहिले असते. रामों यांनी उलटा विचार केला. टॉक्सॉइडबरोबर टॅपिओकासारखा पदार्थ मिसळून त्या जागी मुद्दाम सौम्य दाह निर्माण केला, तर शरीर अधिक जोमाने प्रतिसाद देईल का? 1925 मध्ये त्यांनी हे खरे असल्याचे दाखवले. लसीला बळ देणाऱ्या अशा पदार्थांना आज अॅडज्युव्हंट म्हणतात. बाळांच्या अनेक लसींतले अॅल्युमिनियमचे क्षार हे त्याचेच उदाहरण. टोचल्यावर दंड दुखतो किंवा घोड्याची मान एक-दोन दिवस सुजते, त्यामागे काही अंशी हीच प्रक्रिया असते.

घटसर्पानंतर धनुर्वाताची पाळी होती. पशुवैद्य पिएर देकोंबे यांच्या साथीने रामों यांनी 1924-25 मध्ये धनुर्वाताचे टॉक्सॉइड तयार केले आणि त्याने घोड्यांचे संरक्षण होते हे दाखवले. पाळीव प्राण्यांत धनुर्वाताला सर्वांत जास्त बळी पडणारा प्राणी घोडाच आहे. खुरात घुसलेला खिळा, तारेचा ओरखडा, नाल ठोकताना झालेली इजा, एवढे त्याला पुरते. बीजाणू खोल जखमेत, जिथे हवा पोहोचत नाही तिथे, रुजतात. विष मज्जातंतूंत चढते. आधी चाल अवघडते, कान ताठ होतात, शेपूट उचललेली राहते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातली तिसरी पापणी वर सरकते. मग जबडा आवळतो, चारही पाय लाकडी घोड्यासारखे ताठ होतात, आवाज किंवा प्रकाशानेही झटके येतात. उपचार करूनही निम्म्याहून अधिक घोडे वाचत नाहीत. जो वाचतो त्यालाही पुढे प्रतिकारशक्ती मिळालेली नसते. धनुर्वाताचे विष इतके जहाल आहे की जीव घेण्यासाठी लागणारी मात्रा शरीराला प्रतिकार शिकवण्यासाठी पुरत नाही. म्हणून रोगातून उठलेल्या घोड्यालाही लस द्यावीच लागते.

म्हाताऱ्या घोड्याबद्दलचा निर्णय इथे सोपा होतो. धनुर्वात एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जात नाही. त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्या घोड्यांना लस दिली तरी न टोचलेल्या घोड्याला त्याचा काही उपयोग नाही. आणि एकटे राहण्यानेही संरक्षण मिळत नाही, कारण रोगाचे बीज त्याच्याच पायाखालच्या मातीत आणि त्याच्याच लिदीत आहे. उतारवयात खूर ठिसूळ होतात, तोल जातो, जखमा सावकाश भरतात. म्हणजे धोका वयाबरोबर कमी होत नाही. म्हणूनच अमेरिकेतील अश्ववैद्यांच्या संघटनेने धनुर्वाताची लस प्रत्येक घोड्यासाठी आवश्यक लसींच्या यादीत ठेवली आहे आणि तिथे ती दर वर्षी देतात. युरोपात पहिला क्रम पूर्ण झाल्यावर ती बहुधा दोन-तीन वर्षांच्या अंतराने दिली जाते. किती अंतर ठेवायचे, ते लसीच्या प्रकारावर आणि पशुवैद्याच्या सल्ल्यावर अवलंबून असते. लस पूर्ण थांबवायची, असा सल्ला मात्र केवळ वयामुळे दिला जात नाही.

लस चुकवली आणि नंतर जखम झाली तर प्रतिविष टोचण्याची जुनी वाट उरते. ती वाट प्रौढ घोड्यांसाठी निर्धोक नाही. 1919 मध्ये दक्षिण आफ्रिकेत अर्नोल्ड थायलर यांनी घोड्यांतला यकृताचा एक जीवघेणा रोग नोंदवला. घोड्याचे रक्तद्रव टोचल्यानंतर काही आठवड्यांनी तो प्रौढ घोड्यांत दिसे. धनुर्वाताच्या प्रतिविषानंतरही तो आढळला. यामागे घोड्यांचा एक पार्व्होविषाणू असल्याचे शंभर वर्षांनी लक्षात आले. हा रोग क्वचितच होतो. पण वेळेवर टॉक्सॉइड घेतलेल्या घोड्याला जखम झाल्यावर बहुतेक वेळा लसीची एक वर्धक मात्रा पुरते आणि प्रतिविषाची गरज पडत नाही. प्रतिविषाचे संरक्षण दोन-तीन आठवड्यांचे असते, तर टॉक्सॉइड शरीराला स्वतः प्रतिकार करायला शिकवते.

वयाचा परिणाम लसीवर होतच नाही असे नाही. विशीच्या पुढच्या घोड्यांत इन्फ्लुएन्झाच्या वर्धक मात्रेला मिळणारा प्रतिसाद तरुण घोड्यांपेक्षा कमी असतो, असे अभ्यासांत दिसले आहे. रेबीजसारखी पहिल्यांदाच दिलेली लस मात्र निरोगी म्हाताऱ्या घोड्यांत चांगले काम करते, असेही आढळले. म्हणजे म्हातारे शरीर लसीला अजिबात दाद देत नाही, ही समजूत चुकीची आहे. प्रतिसाद थोडा कमी असेल तर लस टाळण्याऐवजी ती वेळेवर देण्याचे महत्त्व वाढते.

इन्फ्लुएन्झाचा हिशेब मात्र वेगळा आहे. तो घोड्याकडून घोड्याकडे हवेतून पसरतो. जो म्हातारा घोडा खरोखर एकटा आहे, जिथे नवे घोडे येत नाहीत आणि शर्यतीचे घोडे ये-जा करत नाहीत, तिथे मालक आणि पशुवैद्य या लसीबद्दल विचार करून ठरवू शकतात. त्याच आवारात तरुण घोडे बाहेर जाऊन परत येत असतील तर ते रोग घरी आणू शकतात आणि म्हाताऱ्याला तो जास्त जड जातो. रेबीजचा निर्णय कुत्र्यांच्या आणि रानटी प्राण्यांच्या संपर्कावरून करावा लागतो. भारतात तो धोका सहज नाकारता येत नाही.

काही म्हाताऱ्या घोड्यांत मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीचा एक विकार असतो. त्यात केस लांब, कुरळे होतात आणि ऋतू बदलला तरी गळत नाहीत. खुराच्या आत दाह होतो, संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. अशा घोड्याला लस देण्याआधी तपासून घ्यावे. ताप असताना किंवा दुखणे चालू असताना सुई पुढे ढकलावी. पूर्वी लसीने त्रास झाला असेल तर पशुवैद्याला सांगावे. तो अनेक लसी एकाच दिवशी न देता वेगवेगळ्या दिवशी देऊ शकतो. टोचल्यावर एक-दोन दिवस मान आखडणे, भूक कमी होणे, किंचित ताप येणे हे नेहमीचे आहे. खालचे गवत खायला मान वाकवता येत नसेल तर चारा थोडा उंचावर ठेवावा.

रामों यांनी घोड्यांत सिद्ध झालेले काम पुढे माणसांकडे नेले. लष्करी डॉक्टर क्रिस्तियाँ झोलेर यांच्याबरोबर 1926 च्या सुमारास त्यांनी धनुर्वाताचे टॉक्सॉइड माणसांना देऊन पाहिले आणि दोन-तीन लसी एकत्र देण्याची कल्पनाही मांडली. बाळांची आजची संयुक्त लस याच वाटेने आली. फ्रान्सने 1936 मध्ये सैनिकांसाठी धनुर्वाताची आणि 1938 मध्ये मुलांसाठी घटसर्पाची लस सक्तीची केली. त्याचा परिणाम दुसऱ्या महायुद्धात दिसला. लसीकरण झालेल्या अमेरिकी सैन्यात जखमी होऊन रुग्णालयात आलेल्यांची संख्या 27 लाखांहून अधिक होती आणि त्यांच्यात धनुर्वाताचे फक्त 12 रुग्ण नोंदवले गेले. त्या 12 पैकी अनेकांचे लसीकरण अपुरे होते.

1940 मध्ये रामों अल्पकाळ पाश्चर संस्थेचे संचालक झाले. तेच फ्रान्सच्या पराभवाचे वर्ष होते. युद्धानंतर ते पुन्हा प्राण्यांच्या आरोग्याकडे वळले. 1949 पासून 1959 पर्यंत ते पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय पशुरोग कार्यालयाचे महासंचालक होते. हे कार्यालय 1924 मध्ये स्थापन झाले होते. त्याला निमित्त ठरली होती ती 1920 ची बेल्जियममधली बुळकांडीची साथ. भारतातून ब्राझीलला निघालेल्या गुरांचा अँटवर्प बंदरात मुक्काम झाला आणि रोग तिथून पसरला. एका देशातले जनावर दुसऱ्या देशाचा रोग ठरू शकते, हे त्या प्रसंगाने शिकवले होते. रामों यांच्या शेवटच्या वर्षांत हाच विषय त्यांच्यासमोर होता.

नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव 155 वेळा सुचवले गेले. तरी ते त्यांना कधीच मिळाले नाही. 8 जून 1963 रोजी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांची लस अनेक देशांत बालकांच्या नेहमीच्या लसीकरणाचा भाग झाली होती.

भारतात साप चावल्यावर दिले जाणारे प्रतिविष आजही घोड्यांच्या रक्तद्रवापासूनच बनते. या कामासाठी ठेवलेल्या घोड्यांना आधी धनुर्वाताची लस द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. जिमच्या वेळी जो उपाय नव्हता, तो आता नियम झाला आहे. माणसांच्या बाबतीत भारताने 2015 मध्ये माता आणि नवजात बालकांतील धनुर्वाताचे निर्मूलन साधले. पण मातीतले बीजाणू गेलेले नाहीत, जाणारही नाहीत. म्हणून प्रौढ माणसांनीही दर 10 वर्षांनी धनुर्वात-घटसर्पाची वर्धक मात्रा घ्यावी असा सल्ला दिला जातो. शेतात राबणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या, घोडे-गुरे सांभाळणाऱ्या वयस्कर माणसांना तो विशेष लागू होतो. आणि तबेल्यातल्या म्हाताऱ्या घोड्याच्या लसीची तारीख बघायला वही उघडली, तर घरातल्या आजोबांच्या शेवटच्या मात्रेची तारीखही त्याच वेळी बघून घ्यावी.